एकटा तरबेज, समोर दोन नवखे: ‘एकाला दोन’ सामना कसा जिंकायचा

एक पट्टीचा खेळाडू दोन कच्च्या खेळाडूंना एकाच सामन्यात हरवू शकतो का? हरवू शकतो. पण दोघांना एकदम अंगावर घेऊन नाही, एकेकाला गाठून. हे बहुतेकांना माहीत असतं, तरीही चांगले चांगले खेळाडू असे सामने हरतात. ‘एकेकाला गाठायचं’ म्हणजे कितव्या मिनिटाला नेमकं काय करायचं, हे त्यांनी आधी ठरवलेलंच नसतं. इथे तेच क्रमाने ठरवू या.

उदाहरण म्हणून ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा गाव वसवून, फौज उभारून लढण्याचा कम्प्युटर गेम घेतो. गेम १९९९ चा आणि २०१९ मध्ये त्याची डेफिनिटिव्ह एडिशन आली. मुंबईत कॉलेजच्या दिवसांत रात्र रात्र हा गेम खेळलेली मंडळी आता चाळिशीत आहेत. सुट्टीत भाचे-पुतणे जमले की ‘काका, तुम्ही एकटे, आम्ही दोघं’ हे आव्हान ठरलेलं. ते स्वीकारण्याआधी पुढचं वाचा.

आधी थोडं गणित: दीडपट आणि दुप्पट

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ मध्ये लढाईचं एक गणित मांडलं. लांबून मारा करणाऱ्या दोन फौजा समोरासमोर आल्या, तर फौजेची ताकद तिच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते, असं ते सांगतं. धनुर्धाऱ्यांवर करून बघा. तुमच्याकडे ३० आर्चर आहेत, समोरच्या दोघांकडे प्रत्येकी २०, आणि सगळे एकाच प्रतीचे. ३० जण एकत्र आलेल्या ४० जणांवर धावून गेले तर तुमचे सगळे मरतात आणि त्यांचे सुमारे २६ शिल्लक राहतात. तेच ३० जण आधी एका २० वर गेले तर ती तुकडी संपवून तुमचे २२ उरतात. हे २२ दुसऱ्या २० वर गेले तर तीही संपते आणि तुमचे १० जण उभे राहतात.

फौज तीच, शत्रू तेच. फरक फक्त ते एकत्र भेटले की वेगवेगळे, एवढाच.

यातून एक माप मिळतं आणि ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे. दोघांशी एकदम लढायचं तर तुम्ही त्यांच्यातल्या एकाच्या दुप्पट हवेत. एकेकाशी लढायचं तर १.४१ पट पुरते, म्हणजे ढोबळमानाने दीडपट. दुप्पट होणं फार अवघड आहे. दीडपट होणं तरबेज खेळाडूच्या आवाक्यात असतं.

गेममध्ये हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. तलवारवाले आणि घोडेस्वार दाटीवाटीने भिडतात, मागच्यांना पुढे पोहोचताच येत नाही, त्यामुळे तिथे संख्येचा फायदा कमी होतो. शिवाय तुम्ही पहिल्याशी झुंजत असताना दुसरा स्वस्थ बसलेला नसतो, तो वाढत असतो. म्हणून दीडपट हा किमान आकडा समजा आणि त्यावर थोडी शिल्लक हाताशी ठेवा.

तुम्ही दीडपट आहात का, ते तपासा

या गेममध्ये एक व्हिलेजर, म्हणजे गावातला कामकरी, तयार व्हायला २५ सेकंद लागतात. हे व्हिलेजर जिथे तयार होतात ती मुख्य इमारत, म्हणजे टाउन सेंटर, अजिबात रिकामं न ठेवणारा खेळाडू पंधराव्या मिनिटाला कुठे असतो, ते मोजू. ९०० सेकंदांतून फ्यूडल एज (गेममधलं दुसरं युग) गाठण्याचे १३० आणि लूम या अपग्रेडचे २५ वजा केले की ७४५ उरतात. त्यात साधारण २९ व्हिलेजर होतात आणि सुरुवातीचे ३ धरून ३२. नवख्याचं टाउन सेंटर याच वेळात मधूनमधून मिळून चार मिनिटं रिकामं राहतं. कधी फूड संपलेलं असतं, कधी घर बांधायचं राहून जातं, कधी नजरच दुसरीकडे असते. त्याचे होतात सुमारे २३.

३२ विरुद्ध २३, म्हणजे १.३९ पट. दीडपटीच्या उंबरठ्यावर, पण किंचित अलीकडे. आणि दोघांचे मिळून ४६! म्हणजे तुम्ही कितीही स्वच्छ खेळलात तरी पंधराव्या मिनिटाला समोरची जोडी तुमच्यापेक्षा श्रीमंत असते. हे एकदा मनात पक्कं बसलं की ‘आधी बूम करू (म्हणजे फौजेऐवजी नुसतं गाव वाढवू), मग बघू’ हा मोह सुटतो.

हे माप स्वतःसाठी काढायचं तर त्या दोघांशी आधी एकेक सामना वेगळा खेळा. नंतर रेकॉर्ड झालेला गेम उघडून पंधराव्या मिनिटाला थांबवा आणि दोन्हीकडचे व्हिलेजर मोजा. १.४ पटीच्या आसपास किंवा पुढे असाल तर उरलेली कसर अपग्रेड आणि योग्य युनिटची निवड भरून काढते. १.२ च्या आसपास असाल तर माझं स्पष्ट मत आहे, हा सामना घेऊ नका. रँक्ड खेळत असाल तर इलो गुणही (खेळाडूची ताकद दाखवणारे गुण) बघा. ४०० गुणांचा फरक म्हणजे एकास एक सामन्यात जिंकण्याची शक्यता दहास एक. त्याहून कमी फरक असेल तर दोघांना एकत्र अंगावर घेण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं.

बसण्याची व्यवस्था आणि मॅप

तिघं एकाच घरात खेळणार असाल तर एक गोष्ट आधी मिटवा. मुंबईच्या वन बीएचकेत जोडी हॉलमध्ये आणि एकटा बेडरूममध्ये बसला, तरी ‘अरे, त्याच्या गोल्डवर जा!’ हे सगळ्यांना ऐकू जातं. एकट्याला हा आयता हेर मिळतो. मग नियम ठरवा. एकतर एकट्याने हेडफोन लावून आवाज वाढवायचा, नाहीतर जोडीने टाइप करून बोलायचं. एक मुलुंडला, एक कांदिवलीला आणि एक परळला असे घरोघरी बसून खेळत असाल तर जोडीने कॉलवर राहावं आणि एकट्याने त्या कॉलवर नसावं. साधी गोष्ट आहे, पण नंतरची भांडणं हिच्यावरूनच होतात.

एकट्यासाठी मॅप अरेबिया. साइझ तीन खेळाडूंची, म्हणजे स्मॉल. अरेबियावर मैदान उघडं असतं, नवख्याची घरं-शेतं तटबंदीबाहेर पडतात आणि लवकर जाऊन मारता येतं. अरीनावर सुरुवातीलाच दगडी भिंती असतात आणि ब्लॅक फॉरेस्टवर झाडांमुळे वाटा चिंचोळ्या होतात. या दोन्ही मॅपवर जोडीला आरामात वाढायला वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की तुम्ही संपलात.

सिव्हिलायझेशन (कुठल्या लोकांचं राज्य घेऊन खेळायचं ते) निवडताना बहुतेक जण कोणाची फौज भारी ते बघतात. एकट्याने वेगळं बघावं: माझं लक्ष कोण वाचवेल? समोर चार डोळे आहेत आणि तुमचे दोनच. माझी पसंती हुणांना. त्यांना घरं बांधावीच लागत नाहीत, त्यामुळे लोकसंख्या अडकण्याची चिंता संपूर्ण सामन्यातून वजा होते, आणि त्यांचे तबेले २० टक्के जास्त वेगाने चालतात. फ्रँकही चांगले. त्यांच्या घोडदळात जीव जास्त असतो आणि किल्ले स्वस्त पडतात.

पहिली दहा मिनिटं

इथे नवं काही नाही, नेहमीची बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं याचा ठरलेला क्रम) चुकू द्यायची नाही. २० व्हिलेजर आणि लूम झालं की साडेसातव्या मिनिटाच्या आसपास फ्यूडलचं बटण दाबलं जातं आणि पावणेदहाला तुम्ही फ्यूडलमध्ये असता. टाउन सेंटरसाठी एच आणि रिकाम्या व्हिलेजरसाठी पूर्णविरामाचं बटण, या दोन्हींवर बोटं आपोआप गेली पाहिजेत. ती जात नसतील तर त्याचा सराव आधी करा, हा सामना नंतर.

स्काउटकडे, म्हणजे टेहळणीच्या घोडेस्वाराकडे, मात्र नीट लक्ष द्या. सुरुवातीच्या मेंढ्या सापडल्या की त्याला ऑटोवर सोडू नका. सहाव्या ते आठव्या मिनिटात दोघांच्याही गावाला फेरी मारून आणा आणि घरं मोजा. बहुतेक सिव्हिलायझेशनमध्ये टाउन सेंटर ५ जणांना जागा देतं आणि प्रत्येक घर आणखी ५ जणांना. आठव्या मिनिटाला कोणाकडे दोनच घरं दिसली, तर त्याची लोकसंख्या १५ च्या वर असूच शकत नाही. तुमची तोवर २० च्या पुढे गेलेली असते. एका नजरेत एवढी खात्रीची माहिती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. घरं मोजताना लाकूडतोडे कुठल्या बाजूला आहेत, गोल्डची खाण टाउन सेंटरपासून किती लांब आहे आणि भिंतीचा पहिला तुकडा कुठे पडलाय, तेही टिपून घ्या.

याच वेळात तुमच्या गावाची एक बाजू लाकडी कुंपणाने आणि इमारतींनी बंद करायला घ्या. कुठली बाजू? ज्याला तुम्ही नंतर मारणार आहात, त्याच्याकडची.

आधी कोणाला?

यावर लोक तावातावाने भांडतात. कोणी म्हणतं आधी बलवान, कोणी म्हणतं आधी दुबळा. माझ्या मते प्रश्न बलाचा नाही, वेळेचा आहे. ज्याला कमी वेळात सामन्याबाहेर काढता येईल, तो पहिला. बहुधा तो दोघांतला दुबळाच असतो. पण बलवान भिंत न घालता शेतं वाढवत बसला असेल आणि दुबळ्याने घाबरून चहूबाजूंनी कुंपण घातलं असेल, तर आधी बलवानावर जा.

दुसऱ्याला तोवर लांब ठेवायचं. यासाठी शिवाजी महाराजांचं १६६० हे वर्ष आठवावं. एकीकडे पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, दुसरीकडे शायिस्ताखान पुण्यात उतरलेला आणि चाकणलाही वेढा पडलेला. पन्हाळ्यातून निसटल्यावर महाराजांनी त्याच वर्षी पन्हाळा तह करून आदिलशाहीला देऊन टाकला आणि तो मोर्चा मिटवला. मग सगळं लक्ष खानाकडे वळलं आणि १६६३ मध्ये लाल महालावर छापा पडला. पन्हाळ्यासारखा गड सोडणं जिवावर येण्यासारखंच. पण दोन आघाड्या एकदम चालवायच्या नाहीत, हे ठरलं की त्याची किंमत मोजावीच लागते. तुमच्या सामन्यात ही किंमत म्हणजे एखादी लांबची खाण, थोडी शेतं, दोन-चार व्हिलेजर.

घाव

अकराव्या-बाराव्या मिनिटाला चार-पाच स्काउट कॅव्हलरी घेऊन निघा. एकाला ८० फूड लागतं, गोल्ड लागत नाही. टाउन सेंटरच्या बाणांखाली शिरू नका. लाकूडतोड्यांवर जा, ते पळाले की खाणीवर, तिथून पुन्हा लाकडावर. किती व्हिलेजर मेले यापेक्षा किती जण काम सोडून आत बसले, हे महत्त्वाचं. नवखा खेळाडू हल्ला झाला की घंटा वाजवून सगळ्यांना आत घेतो आणि पुन्हा बाहेर काढायला विसरतो. तेवढा वेळ त्याचं राज्य बंद असतं. त्याने भालेवाले काढले तर घोडे मागे घ्या आणि आर्चर आणा.

आणि मग तो क्षण येतो, ज्यावर सगळा सामना ठरतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या पोराचा असा सामना मी त्याच्या पाठीमागे उभा राहून पाहिला आहे. पहिल्या प्रतिस्पर्ध्याचं लाकूड बंद पडलं होतं, तो पुरता कोंडला होता, आणि एवढ्यात दुसऱ्याचे चार आर्चर याच्या गोल्डवर आले. मिनीमॅप लाल. पोराने एच दाबलं, खाणीवरच्या व्हिलेजरना टाउन सेंटरमध्ये घातलं, दोन स्कर्मिशर (आर्चरवर चालणारे भालाफेके) लावले आणि नजर परत आघाडीवर. फौज जागची हलवली नाही. त्याचे दोन व्हिलेजर गेले. म्हणजे १०० फूड आणि टाउन सेंटरची ५० सेकंदं. फौज घेऊन घरी धावला असता तर कोंडलेला मोकळा झाला असता, लाकूड सुरू झालं असतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

घरी छोटा हल्ला आला म्हणून फौज माघारी बोलवायची नाही. या एका गोष्टीचा सराव मुद्दाम करावा लागतो, कारण हात आपोआप घराकडे जातात. आतल्या व्हिलेजरमुळे टाउन सेंटर जास्त बाण सोडतं, तेवढ्यावर चार-पाच शिपाई थोपवता येतात. दहा-पंधरा आले तरच परतायचा विचार करा.

पहिल्याला बाद कधी समजायचं

शेवटचं घर पाडेपर्यंत थांबू नका. दहाहून कमी व्हिलेजर, लाकूड आणि गोल्ड दोन्ही बंद, एवढं झालं की तो खेळातून गेला. दोन-तीन युनिट त्याच्या लाकडाजवळ ठेवा आणि वळा. मात्र त्याचा जोडीदार त्याला सामान पाठवू शकतो, हे विसरू नका. त्यासाठी पाठवणाऱ्याकडे मार्केट लागतं आणि पाठवणीवर ३० टक्के कटतात. दुसऱ्याकडे मार्केट उभं राहिलेलं दिसलं तर पहिल्याजवळची पहारेकरी युनिट काढू नका.

वळताना कॅसल एज (तिसरं युग) गाठलेलं असावं: ८०० फूड, २०० गोल्ड आणि १६० सेकंद. पहिल्याला कोंडून धरलेलं असताना बटण दाबलं गेलं पाहिजे, घरी परत आल्यावर नाही. मग नाइट (भारी घोडेस्वार) काढा, एकाला ६० फूड आणि ७५ गोल्ड. दुसरा अजून फ्यूडलमध्येच असेल तर काम लवकर आटोपतं. तोही कॅसल एजला पोहोचला असेल आणि त्याने पाइकमन (घोडदळावर चालणारे भालेवाले) जमवले असतील तर सोबत आर्चर किंवा क्रॉसबो न्या.

घड्याळ

गेममधलं तिसावं मिनिट ही हद्द माना. नेहमीच्या १.७ वेगाने खेळत असाल तर प्रत्यक्षात अठरा मिनिटंही होत नाहीत. हद्द का? लोकसंख्येची कमाल मर्यादा प्रत्येकी २०० आहे. सामना लांबला की तुमचे २०० विरुद्ध त्यांचे ४००, आणि तिथे तुमचं सगळं कौशल्य छताला टेकतं. दुसरं कारण गोल्डचं आहे. जमिनीतल्या खाणी संपल्या की जोडीतले दोघं एकमेकांच्या मार्केटकडे ट्रेड कार्ट (व्यापारी गाड्या) चालवतात आणि त्यांचं गोल्ड कधी आटत नाही. तुम्हाला सहकारीच नाही, मग व्यापार कोणाशी करणार? तुमच्या हाती रेलिक (मॅपवर विखुरलेल्या पवित्र वस्तू) तेवढे. एक रेलिक मिनिटाला ३० गोल्ड देतं. म्हणून कॅसल एजला पोहोचताच एक मोनॅस्ट्री (मठ) बांधा आणि सापडतील ते रेलिक आत आणा, जोडीच्या हाती लागू देऊ नका.

आता जोडीसाठी

वरचं सगळं उलट करा, म्हणजे तुमचा खेळ तयार होतो. पण एक गोष्ट जास्तीची आहे आणि नवख्या जोड्यांना ती सुचत नाही. दोघांनी दोन अर्धवट राज्यं चालवण्यापेक्षा काम वाटून घ्या. एकाने कुंपण घालून फक्त शेतं, लाकूड आणि मार्केट सांभाळायचं, दुसऱ्याने फक्त फौज चालवायची. सामान पाठवताना ३० टक्के जातात, तरी परवडतं. नवख्याची खरी अडचण सामानाची नसते, एकाच वेळी दोन गोष्टी बघता येत नाहीत ही असते. ‘दादा, तू फक्त लढ, फूड मी देतो’ असं ठरवलेली जोडी एकट्याला खरंच जड जाते.

दुसरं, वेळ ठरवा. ‘तयार झालो की जाऊ’ असं म्हणायचं नाही, ‘सोळाव्या मिनिटाला, दोन बाजूंनी’ असं म्हणायचं. एकटा तुमच्यातल्या कोणावर तुटून पडला असेल तर वेळेची वाट न बघता दुसऱ्याने असेल तेवढी फौज थेट जोडीदाराकडे न्यायची. एकट्याच्या गावावर चार आर्चर पाठवून उपयोग नाही, आत्ताच पाहिलं. दोन्ही फौजा एका जागी भेटल्या की लँचेस्टरचं गणित तुमच्या बाजूने झुकतं.

अजून एक प्रकार करून बघा. लॉबीत (सामना सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर) दोघांनी एकच खेळाडू क्रमांक घेतला की दोघं मिळून एकच राज्य चालवतात. मग फौज आणि सामान एकट्याइतकंच, फक्त हात चार. १९९९ मध्ये गॅरी कास्पारोव्हने इंटरनेटवर ‘जगाविरुद्ध’ बुद्धिबळाचा असाच एक डाव खेळला होता. समोर ७५ हून अधिक देशांतले ५० हजारांवर लोक मतदान करून एकेक चाल ठरवत होते, आणि कास्पारोव्ह ६२ व्या चालीपर्यंत झुंजून जिंकला. तिथे विचाराला भरपूर वेळ होता, त्यामुळे प्रश्न फक्त डोक्याचा होता. इथे घड्याळ पळत असतं, चार हात खरोखर कामाला येतात, आणि सामना रंगतो. शिकणाऱ्या जोडीसाठी मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो, कारण एकाची चूक दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसते.

सामना एकतर्फी होत असेल तर

एकटा सारखा जिंकत असेल तर लॉबीत दहा मिनिटांची ट्रीटी लावा. तेवढा वेळ कोणालाच हल्ला करता येत नाही आणि जोडीला उभं राहायला अवधी मिळतो. तरीही तोच जिंकला तर ट्रीटी पाच मिनिटांनी वाढवा, किंवा मॅप अरेबियाऐवजी अरीना घ्या. जोडी सारखी जिंकत असेल तर उलट करा: ट्रीटी नको, मॅप अरेबियाच, आणि जोडीने एकमेकांना सामान पाठवायचं नाही असं आपसात ठरवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक नेमका कशाने पडला, ते कळत नाही.